दुसऱ्या चौकोनातली रेघ

आमच्या कारंज्याच्या घरी कुणी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला बसलं, की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. लहानपणापासूनच. भूतबाधा, संकेत, स्वप्नात येऊन सांगणं... या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. आजही ‘मानते’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. तरी हे लिहितेय, कारण जे घडलं ते माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात आहे, आणि ती वही अजून माझ्याकडे आहे. नावं बदलली आहेत. गावाचं नाव देत नाही.

मी नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या बायोबँकेत काम करते. बायोबँक म्हणजे काय, तर पेशंटनी संशोधनासाठी दिलेले नमुने — रक्त, सीरम, पाठीच्या मणक्यातलं पाणी — उणे ऐंशी डिग्रीच्या फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं जपून ठेवायची जागा. कुपीवर नाव नसतं, फक्त कोड. बाहेरच्या एखाद्या संस्थेला संशोधनासाठी नमुने हवे असले, की त्यांचा अर्ज येतो, आमची एथिक्स कमिटी तो तपासते, आणि पेशंटची संमती नीट आहे की नाही हे पाहायचं काम माझं.

मागच्या वर्षी मोटर न्यूरॉन डिसीजवर काम करणाऱ्या एका गटाचा अर्ज आला. या आजारात मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशीच मरत जातात. आधी हात जातात, मग पाय, किंवा आधी जीभ. बोलणं जातं, गिळणं जातं, शेवटी श्वास. बहुतेकांचं डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख असतं. माणूस आतून सगळं पाहत असतो आणि एक शब्द काढता येत नाही.

त्या गटाला हवे होते एकाच पेशंटने थोड्या थोड्या महिन्यांच्या अंतराने दिलेले नमुने, म्हणजे आजार वाढताना शरीरात काय बदललं ते पाहता येईल. असे नमुने फार थोडे असतात. आजारी माणसाने पुन्हा पुन्हा इतक्या लांब यायचं तरी कसं? आमच्याकडे असा एकच संच पूर्ण होता. कोड सत्तेचाळीस. तीन वेळचं रक्त, तीन वेळचं मणक्यातलं पाणी.

एका गुरुवारी सकाळी कमिटीचं पत्र आलं. सत्तेचाळीसच्या संमतीपत्रात घोळ आहे. दोन चौकोन होते. पहिला — या संस्थेत संशोधन करायला परवानगी. त्यात स्पष्ट खूण. दुसरा — इतर संस्थांना नमुने द्यायला परवानगी. त्यात एक रेघ सुरू होऊन चौकोनाबाहेर तिरपी खालपर्यंत गेलेली. बाजूला तेव्हाच्या कुणीतरी ‘अस्पष्ट’ लिहून सोडून दिलेलं. कमिटीचं म्हणणं — कुटुंबाला विचारा. ते नाही म्हणाले तर नमुने जाणार नाहीत.

पत्र वाचून मी टेबलावर ठेवलं. कोडमागचं नाव वेगळ्या कुलूपबंद रजिस्टरमध्ये असतं, ते मी अजून काढलंही नव्हतं. अकराच्या सुमाराला ऑफिसचा लँडलाइन वाजला. या फोनवर नंबर दिसत नाही. शेजारी वानखडे सर, आमचे टेक्निशियन, कुप्यांना लेबल लावत बसले होते.

पलीकडे पुरुषाचा आवाज. मोकळा, जरा जाडसर, आमच्याच वाशिमकडचा. म्हणाला, “बाई, मी भास्कर बोलून राह्यलो, मंगरूळपीरकडून. आमचा नंबर बदलला, लिहून घेता काय?”

असे फोन आम्हाला रोज येतात. मी वही ओढली, नंबर लिहिला. तो म्हणाला, सोमवारी येऊ नका, वांग्याचा तोडा असतो, घरी कुणी भेटत नाही, मंगळवारी या. आणि ठेवण्याआधी म्हणाला —

“त्या दुसऱ्या चौकोनात मीनं खूण केली होती. हात सरकला.”

मी म्हटलं, बरं, पाहते. त्याने फोन ठेवला. वानखडे सरांनी विचारलं, कोण? म्हटलं, कुणी पेशंट, नंबर बदललाय त्यांचा. आणि पुढच्या कामाला लागले. तो कोणत्या चौकोनाबद्दल बोलला, याचा विचारसुद्धा केला नाही. आमचे फॉर्म चौकोनांनीच भरलेले असतात.

दुपारी रजिस्टर काढलं. सत्तेचाळीस — भास्कर, वय बेचाळीस, भाजीपाला शेती, मंगरूळपीर तालुका. खाली लाल शाईत: मृत्यू. तीन वर्षांपूर्वीचा.

मला भीती वाटली असं खोटं सांगणार नाही. पहिल्यांदा वाटलं, नोंद चुकली. अशा चुका होतात. पण मग फाइल वाचली. तिसऱ्या भेटीच्या वेळी, म्हणजे संमती नव्याने घेतली आणि या खुणा झाल्या तेव्हाच, त्याची वाचा पूर्ण गेलेली होती. हा आजार मागे फिरत नाही. जिवंत असता तरी हा माणूस फोनवर बोलू शकत नव्हता.

फाइलमधला जुना नंबर लावला. बंद. मग वहीतला लावला. एका मुलीने उचलला. मी कुठून बोलतेय ते सांगितलं, कागदाचं काम आहे, कधी येऊ विचारलं. ती म्हणाली, “मंगळवारी या. सोमवारी तोडा असते.”

आठवडाभराची सुट्टी घेऊन कारंज्याला घरी आले. मंगळवारी तिथून एसटीने मंगरूळपीर, पुढे जीप. रस्त्यालगत घर, मागे दीड एकराचा मळा — वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. भास्करची बायको निर्मलाताई आणि मुलगी पूजा, दोघीच राहतात. मुलगा नाही, दीर नाही. फोन मुलाने केला असेल, भावाने केला असेल, अशी जी उत्तरं वाटेत तयार केली होती, ती दारातच गळून पडली.

मी आधी माझं काम केलं. कागद दाखवला, दोन्ही चौकोन दाखवले, कोणी नमुने मागितलेत, कशासाठी, सगळं सांगितलं. निर्मलाताईंनी त्या तिरप्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं. मग कागद माझ्याकडे सरकवला.

“त्यायले बाहेर द्यायचं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मी बाजूलेच होती. पेन बोटात धरून दिला मी. पह्यल्यात खूण केली, दुसऱ्यात रेघ मारली. खोडलं त्यायनं. मी समजली.”

त्यांचा आवाज अगदी शांत होता. तीन वर्षं ही एक गोष्ट त्यांनी सांभाळली होती — नवऱ्याने शेवटी जे सांगितलं ते आपल्याला समजलं, आणि ते आपण मोडणार नाही. मी म्हटलं, ताई, तुमचा शब्द शेवटचा. कागद पिशवीत घातला. खरंच घातला. फोनचं सांगायचं नाही, असं मी वाटेतच ठरवलं होतं. मेलेल्या माणसाचा निरोप सांगून सही घेणं — याहून हलकं काम कोणतं?

पूजाने चहा आणला. आणि तिनेच विचारलं, की आमचा नंबर तुम्हाला दिला कुणी? हे सिम सहा महिन्यांपूर्वीच घेतलं, हॉस्पिटलात कुणाला दिलं नाही. सोमवारचा तोडासुद्धा याच वर्षी सुरू केला, आधी शनिवारी असायचा.

मी म्हटलं, एका माणसाचा फोन आला होता. कोण माणूस, तिने विचारलं. मी विषय बदलून मळ्याचं विचारलं. पूजा काही सोडेना. शेवटी म्हटलं — त्याने नाव भास्कर सांगितलं.

मळ्यात मोटर चालू होती, पाण्याचा आवाज येत होता. मग निर्मलाताई म्हणाल्या, काय म्हणे ते?

मी सांगितलं. नंबर बदलल्याचं, सोमवारी येऊ नका म्हटल्याचं. तिथेच थांबणार होते, पण त्या माझ्या तोंडाकडे अशा पाहत होत्या की थांबता आलं नाही. म्हटलं, आणखी म्हणाले की दुसऱ्या चौकोनात खूण केली होती... हात घसरला.

निर्मलाताईंनी मान हलवली.

“घसरला नाही म्हणत ते. सरकला म्हणे. विळा सरकला, पाय सरकला. घसरला हा शब्दच नव्हता त्यायच्या तोंडात.”

मी पिशवीतून वही काढली. गुरुवारचं पान. फोनवर बोलतानाच खरडलेलं — नंबर, ‘मंगळवार’, आणि खाली: ‘दुसरा चौकोन, खूण केली, हात सरकला’.

वही मी पूजाच्या हातात दिली. तिने आईला वाचून दाखवलं. निर्मलाताईंनी पदराने तोंड पुसलं, आणि विचारलं —

“मले काहून नाही केला फोन?”

मग त्याच सांगू लागल्या. शेवटचं दीड वर्ष घरात आवाज नव्हता. बोलता येत होतं तेव्हाचा आवाज कुठेच राहिला नाही. जुना मोबाईल पाण्यात पडून गेला. पूजाला तर बाबा कसे बोलायचे हे हळूहळू आठवेनासं झालंय. मग म्हणाल्या, बाई, जसं बोलले तसं बोलून दाखवता काय?

मी बोलून दाखवलं. नीट जमेना. ‘बाई’ जास्त लांबवलं, तर त्यांनी दुरुस्त केलं. ‘लिहून घेता काय’चा हेल चुकला, तर पूजाच म्हणून गेली, आणि म्हणून झाल्यावर तिचं तिलाच रडू आलं. पाच-सात वेळा तरी आम्ही तिघी ती दोन वाक्यं म्हणत बसलो. शेवटी निर्मलाताई म्हणाल्या, हं, असं. आणि हसल्या.

त्यांनी कागद मागितला. मी दिला नाही. म्हटलं, आज नाही. तुम्ही दोघी विचार करा, फोनचं बाजूला ठेवून विचार करा. मी आठवडाभर कारंज्यालाच आहे, शुक्रवारी येते. नको वाटलं तर नको.

शुक्रवारी गेले तर त्या ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, फोन बाजूला ठेवूनच सांगते. ज्या माणसाले बसता येत नव्हतं तो तीनदा नागपूरले गेला, ते कोणाच्या तरी कामी यावं म्हणूनच ना? एवढं मले आधीच कळायले पाहिजे होतं. मी फक्त त्या रेघीकडंच पाहत बसली. सही केली. निघताना पिशवीभर वांगी आणि सांबाराची जुडी दिली, नको म्हटलं तरी.

नमुने पुढच्या महिन्यात ड्राय आइसमध्ये रवाना झाले. पोचल्याची मेल आली, सगळ्या कुप्या चांगल्या अवस्थेत. त्यातून काय निघेल, ते कळायला वर्षं लागतील, कदाचित काहीच निघणार नाही. मी ते निर्मलाताईंना स्पष्ट सांगितलं आहे.

त्या फोनचा मात्र मी पुष्कळ शोध घेतला. कुणी ओळखीच्याने खोडी केली म्हणावं, तर पत्र त्याच सकाळी आलं होतं, आमच्या ऑफिसात ते माझ्याशिवाय कुणी वाचलं नव्हतं, आणि कोडमागचं नाव कमिटीलाच काय, मलाही माहीत नव्हतं. वानखडे सर शपथेवर सांगतात की फोन वाजला, मी बोलले, लिहिलं. येणाऱ्या फोनची नोंद त्या लाइनवर राहत नाही. यापुढे माझी बुद्धी चालत नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा, मी खरंच ऐकेन.

पण मनात भीती नाही... एक ऋण आहे, बस. ज्याने दुखणं सोसून आपलं रक्त दिलं त्याचं, आणि जिने नवऱ्याचा आवाज ऐकायची धडपड करताना मलाही त्यात बसवून घेतलं तिचं.

नमुने गेल्याचं सांगायला निर्मलाताईंना फोन केला, तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पूजाला नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं सांगितलं. ठेवता ठेवता म्हणाल्या —

“परत आला ना त्यायचा फोन, तर लवकर ठेवू नका बाई. लय दिवस चूप होते ते. बोलू देजा.”

मी हो म्हटलं.