बुधीबाईच्या खडकाची वीत

“हात लांब कर, मग बोल.”

डहाणूच्या खाडीवर नारू तांडेलाचं हे बोलणं लहानथोरांच्या कानात बसलेलं होतं. होडीत कुणी म्हणालं, किनारा आता जवळ आला, की नारू म्हणणार, हात लांब कर, मग बोल. बाजारात कुणी म्हणालं, यंदाचा पापलेट मोठा आहे, तरी तेच. त्याची बायको जमुना सुकटीच्या टोपलीमागे बसून गिऱ्हाइकांना सांगायची, “मला बघायला आला तेव्हापण ह्याने दारातून हात लांब केला असेल. मी मान खाली घातलेली, म्हणून दिसला नाही.”

पण समुद्रावर त्या बोलण्याला वजन होतं. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे सोडायचं, कुठून मुकाट्याने परतायचं, हे त्याच्या शब्दावर. किनारा मागे पडून धुरकट झाला की नारू उजवा हात पुढे ताणायचा, कोपर जराही न वाकवता, आणि जमिनीवरच्या दोन खुणा बोटांत धरायचा. एक महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका, दुसरी थर्मल वीजकेंद्राची उंच चिमणी. दोहोंच्या मध्ये चार बोटं बसली की खाली चिखल, बोंबलाची जागा. पुरी वीत बसली, म्हणजे अंगठा सुळक्यावर आणि करंगळी चिमणीवर, की सावध. खाली बुधीबाईचा खडक. हा खडक ओहोटीलाही डोकं वर काढत नाही. कुण्या एका बुधीबाईच्या नवऱ्याचं आधी जाळं आणि मग होडी त्याने गिळली, म्हणून त्याला तिचं नाव. अशा खुणांच्या जोड्या नारूच्या डोक्यात पुष्कळ होत्या. कुठल्या खुणेबरोबर कुठली खूण, कितव्या भरतीला, कुठल्या वाऱ्यात, सगळं त्या एका हाताच्या पाच बोटांवर.

गेल्या हंगामात होडीवरचं जीपीएसचं यंत्र खाऱ्या पाण्याने मेलं, आणि त्यात साठवलेल्या साऱ्या जागा त्याच्याबरोबर गेल्या. नवं यंत्र आलं ते कोरं. नारूचा मुलगा भाविक जेवता जेवता हसत म्हणाला, “त्यात काय? एकदा जाळं फाटलं की टाकू खडक मशीनमध्ये.”

नारूने हातातला घास ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मुलीला, कल्पिताला म्हणाला, “माझ्या डोक्यातलं लिहून घे गो. आणि नुसतं लिहू नको. चित्र काढ. चित्र खोटं नको मला. समुद्रावर जेवढं दिसतं, तेवढंच तुझ्या पडद्यावर दिसलं पाहिजे. भाविकने घरात उभं राहून हात लांब केला, तर तो बसला पाहिजे.”

कल्पिता डहाणू रोडला स्टेशनसमोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायची. घरी तिचा जुना लॅपटॉप होता, मोठी सॉफ्टवेअर घातली की धापा टाकणारा. म्हणून तिने साध्या मजकुराचा एडिटर घेतला. त्यात अक्षर ठळक होत नाही, रंगत नाही. पण फाईल हलकी, आणि कुठल्याही मशीनवर उघडते. चित्र घालायचं तर चित्राच्या फाईलचा पत्ता कंसात लिहायचा, वरच्या ओळीत त्याची रुंदी आकड्यात लिहायची, आणि एक कळ दाबली की ओळींच्या मधोमध चित्र उभं राहतं. मे महिन्यात ती बापाबरोबर होडीतून गेली. नारू हात ताणून उभा, आणि ती त्याच्या खांद्यामागून मोबाईलने फोटो काढत होती. नारू सारखी मान इकडून तिकडे फिरवत होता. ती म्हणाली, “काय शोधतोस?” तर म्हणाला, “पाखरं बघतो. पाखरं असतात तिथे मासळी.” तिने आकाशात पाहिलं. आकाश रिकामं होतं. पण तिला फोटोची घाई होती.

आता जुलै सरत आला होता. मासेमारीची बंदी उठायला थोडे दिवस उरले होते. खाडीवर होड्यांना रंग लागत होता, जाळी दुरुस्त होत होती, सगळ्या घरांत एकच लगबग. नारूने जाहीर केलं होतं, “पहिल्या फेरीला होडी मी नेणार. भाविकला एकदा सगळ्या खुणा दाखवतो, मग बसतो घरात.” होडीवर भाविक, आणखी खलाशी, आणि सुकाणूवर नारू. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कल्पितालाही नाही.

तिचा जीव अडकला होता चित्रात. पहिल्यांदा बुधीबाईच्या खडकावरून काढलेलं चित्र उघडलं तेव्हा नुसतं आकाशच पडद्यावर आलं. सुळका कुठल्या कुठे, चिमणी त्याच्याही पलीकडे. वर रुंदीचा आकडा लिहिलेला, पण एडिटर त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हता. तिने आकडा अर्धा केला. फरक नाही. पाव केला. फरक नाही. ती उठली, पडवीत दोन येरझाऱ्या घालून आली, पुन्हा बसली. मग लक्षात आलं, आकड्याची ओळ आणि चित्राची ओळ यांच्यामध्ये एक रिकामी ओळ राहिली होती. एडिटरच्या लेखी तो आकडा दुसऱ्याच कशाचा तरी होता. तिने ओळ काढली. तरीही चित्र मोठंच. कारण एडिटरमध्ये ‘मूळ आकारच दाखव’ अशी एक सेटिंग चालू होती. ती बंद केली. तरीही पडद्यावर जुनंच चित्र. ते एकदा मिटवून पुन्हा उघडावं लागतं, नाहीतर एडिटर जुनंच धरून बसतो, हे कळायला तिचा चहा थंड झाला.

शेवटी चित्र ऐकायला लागलं. आकडा बदलला की आकार बदलायचा. नारू दुपारी झोपला तेव्हा तिने त्याच्या पसरलेल्या पंजाची वीत शिवणाच्या टेपने मोजली. हाताची लांबी मोजली. लॅपटॉप कपाटावर ठेवला आणि तेवढ्याच अंतरावर जमिनीवर खडूने रेघ मारली. फोटोतली नुसती डोंगराची पट्टी कापली आणि सुळका ते चिमणी बरोबर नारूची वीत भरेल असा आकडा लिहिला. झोपेतून उठलेल्या बापाला तिने हाताला धरून रेघेवर उभं केलं.

नारूने बघितलं. “मोठं आहे. लहान कर.”

तिने लहान केलं.

“अजून.”

अजून लहान केलं. मिटवलं, उघडलं.

“अजून गो. हां. आता बरोबर.”

कल्पिताने स्वतःचा हात लांब केला. “बाबा, ही तर जेमतेम चार बोटं. ही बोंबलाची जागा झाली. बुधीबाईला वीत असते ना?”

“असते.”

“मग?”

“मग तुझं मशीन लबाड आहे,” असं म्हणून नारू बाहेर गेला.

ते तिला पटलं. मशीनने तिला आधी इतकं फसवलं होतं, की आता प्रत्येक पाप त्याच्याच माथी जात होतं. तिने एडिटर काढून पुन्हा टाकला. सेटिंग एकेक करून तपासली. दुसरा फोटो लावला. दुकानातून लवकर निघाली, वाटेत भाजी घ्यायची विसरली. जमुना म्हणाली, “बस जरा. पायाला भिंगरी लागली आहे का?” कल्पिता बसली, आणि बसल्या बसल्या पाय हलवत राहिली. इंटरनेटवर अशा एडिटरवाल्यांचा एक गट होता, तिथे तिने सगळं लिहून विचारलं. कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं: तुमचं सगळं बरोबर आहे, पडद्याला पट्टी लावून मोजून बघा.

तिने पहिला, पुऱ्या वितीचा आकडा परत लिहिला आणि पट्टी लावली. नारूची वीत. तंतोतंत. चित्र पहिल्या दिवशी दुरुस्त झालं ते झालंच होतं. त्यानंतर त्याने तिचा एकही शब्द मोडला नव्हता.

तिला हायसं वाटायला हवं होतं. पण पट्टी तिने पडद्यावरून उचललीच नाही. मशीन खरं बोलत असेल, तर मग... तो विचार तिने पुरा केला नाही. पडवीत गेली. तिथून मागच्या दारी गेली. परत आली. बाहेर बोंबील वाळवायच्या बांबूंच्या रिकाम्या दांड्या वाऱ्यात करकरत होत्या. मे महिन्यातलं ते रिकामं आकाश तिला आठवलं, आणि त्याखाली इकडून तिकडे फिरणारी बापाची मान.

नारू घरात आला तेव्हा पडद्यावर पुऱ्या वितीचं चित्र होतं.

“मोठं आहे,” तो दारातूनच म्हणाला.

“हात लांब कर, मग बोल.”

नारू थबकला. एवढ्या आयुष्यात हे वाक्य त्याला कुणी ऐकवलं नव्हतं. तो रेघेवर येऊन उभा राहिला आणि त्याने हात ताणला. अंगठा सुळक्यावर अचूक बसला. मग करंगळी उघडली, आणि हवेत तशीच राहिली. नारूने मान उजवीकडे वळवली, चिमणी शोधत. चिमणी सापडली, तर अंगठा सुळक्यावरून घसरला. मान डावीकडे आली, अंगठा बसला, तर करंगळी पुन्हा भांबावली.

“चिमणी कुठे आहे गो?”

“तुझ्या करंगळीखालीच आहे, बाबा.”

नारूने हात खाली घेतला. बराच वेळ तो ती करंगळी दुसऱ्या हाताने चोळत राहिला, जणू चूक तिचीच.

“एकेक दिसतं,” तो म्हणाला. “अगदी स्वच्छ दिसतं. नळीतून बघावं तसं. बाजूचं काही दिसत नाही.”

“म्हणून लहान कर, लहान कर म्हणत होतास?”

“लहान केलं की दोन्ही मावतात.”

“आणि परवा होडी नेणार होतास? भाविकला घेऊन? बाकीच्यांना घेऊन?”

“मान फिरवली की होतं.”

“होतं?”

तेवढ्यात भाविक आत आला, कोपरापर्यंत निळा रंग, केसांतही निळा रंग. “काय रे, सिनेमा चालू आहे काय? मला नाही बोलावलं?”

कल्पिताने तोंड उघडलं. काय बोलणार होती ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. नारूच आधी बोलला.

“इकडे ये. त्या रेघेवर उभा रहा. हात लांब कर.”

“आता मी बोललो काय?”

“बोलू नको. हात लांब कर.”

भाविकने हसत हात ताणला. अंगठा सुळक्यावर बसला, पण करंगळी चिमणीपर्यंत पोचेना. “खोटं चित्र आहे. वीत भरत नाही.”

कल्पिताचा हात सवयीने आकड्याकडे गेला. थोडं लहान केलं की भाविकची वीत भरेल, एवढंच तिच्या बोटांना कळलं.

“चित्राला हात लावू नको,” नारू म्हणाला. “खडक आहे तिथेच आहे. हात वेगळा आहे. भाविक, जागा राहिली आहे तिथे दुसऱ्या हाताचं बोट लाव. किती बसतं?”

“एक.”

“पुन्हा मोज.”

“एक, बाबा.”

“एकच. तर मग लिही गो. बुधीबाईच्या खडकाला भाविकची वीत आणि वर एक बोट. माझी वीत काढून टाक तिथून. दोन मापं असली की ऐन वेळी माणूस गोंधळतो.”

कल्पिताने ती ओळ पुसली. साध्या मजकुरात पुसलेलं मागे काही उरत नाही. नवी ओळ लिहिली. चित्र होतं तसंच राहिलं.

“पुढचं काढ,” नारू म्हणाला. आणि मग संध्याकाळचं ऊन पडवीत येईपर्यंत चित्रामागून चित्र निघालं. नारू तोंडी खूण सांगायचा, भाविक हात लांब करायचा, बोटं मोजायचा, कल्पिता लिहायची. हळूहळू भाविकचं हसणं थांबलं. त्याने बापाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि पुन्हा हात लांब केला.

शेवटची जोडी झाली तेव्हा नारू म्हणाला, “पहिल्या फेरीला तूच ने होडी.”

“आणि तू?”

“मी कशाला? होडीत गर्दी करायला?” त्याने खुंटीवरची टोपी काढली. ती काढतानाही हात आधी भिंतीवर टेकला आणि मग खुंटीवर गेला. तो बाहेर पडला.

जमुना दारात सुकट निवडत होती. कल्पिता तिच्याजवळ येऊन उभी राहिली. “आई, बाबाला बाजूचं दिसत नाही. उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते त्याला.”

“ने,” जमुना म्हणाली. “ताटातली चटणी त्याला कधीची दिसत नाही. मी जेवताना ताट फिरवून ठेवते.”

“मग बोलली का नाहीस?”

“होडीवर जाणार नाही हे त्याने बोलायचं होतं. मी बोलले असते, तर हट्टाने गेला असता.”

नारू खाडीच्या वाटेने निघाला होता. बांबूंच्या दांड्या आल्या, तशी त्याने मान एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवली आणि मधून बरोबर वाट काढली. कल्पिताने नकळत हात लांब केला. आधी नारू तिच्या चार बोटांएवढा होता, मग दोन, मग अंगठ्याएवढा.

“हात खाली घे,” जमुना म्हणाली. “माणूस आहे तो, डोंगर नाही.”

तिने हात खाली घेतला. भाविक मागे दारात येऊन उभा होता, हातांवरचा निळा रंग तसाच. तिघेही बघत राहिले. नारूने रंगवलेल्या होडीला जाता जाता तळहात लावला, आणि न थांबता ओल्या वाळूवरून पुढे चालत गेला.