चार सूत जास्त

वाढयाचं, म्हणजे सुताराचं, सूत इंचाचा आठवा भाग असतं, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या माहेरी कापूस. सूत म्हणजे दोरा. म्हणून "फळ्या चार सूत जास्त ठेवून कापा" असा मिस्त्रींचा निरोप आला, तेव्हा मी शिवणाच्या डब्यातून दोरा काढला, चार पदर शेजारी-शेजारी ठेवले, रेघ मारली आणि करवत चालवली. बारा फळ्या, एका दुपारी! वर स्वतःवरच खूश. हसा, हसा.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. सौंसरला विहिरीवरच्या जळक्या मोटारी दुरुस्त करायचं आमचं दुकान. हे वारले आणि यांचे थोरले भाऊ, माझे भासरे, म्हणाले, "बाईमाणूस का मोटारी भरन? सारा कबाडखाना जमिनीवर पडला हाय. पोळ्यापर्यंत दुकान नीट लागलं तं ठेव. नाही तं शेड संत्र्याच्या पेट्याइले पाहिजे."

यांच्या शेजारी बसून मी मोटारीत तार भरायला शिकले होते. आता हव्या होत्या भक्कम मांडण्या. गावातले दोन वाढई म्हणाले, "भाऊले विचारून सांगतो." भाऊ म्हणजे भासरेच. लोधीखेड्याचे हे म्हातारे मिस्त्री मात्र कोणालाच विचारत नसत.

विचारत ते फक्त फळीला. बोटाच्या पेरानं दोनदा ठकठक करायची, कान लावायचा आणि म्हणायचं, "हाय का कोनी?" आत वाळवी असली की आवाज पोकळ येतो.

"आणि कोणी 'हो' म्हटलं तर?" मी एकदा विचारलं.

"तं त्याले बी कामाले लावू."

खांब उभे झाले आणि मिस्त्रींना ताप भरला. त्यांनी निरोप धाडला, मी दोरा काढला. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते कानाला मफलर बांधून आले. माझी करवत चाललेली वाकडी. कडा सरळ केल्या तर एकही फळी खांबाच्या खाचेपर्यंत पोचेना. दुसरं लाकूड नव्हतं. दोऱ्याचं सांगितलं आणि मी तिथंच भुशात बसून रडले.

"रडून का लाकूड वाढते?" मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी फळी ठोकून पाहिली. "फळी लहान नाही झाली, बाई. खांबच दूर हायेत."

दिवसभर खपून त्यांनी सगळे खांब उपटले, जवळ घेतले, पुन्हा ठोकले. शेवटी भिंतीशी दीड इंचाची फट उरली.

पोळ्याला भासरे आले. मोटारी ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. बोलायला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी फटीत बोट घातलं. "हे काय?"

मी कबुली द्यायला तोंड उघडलं. तेव्हा मी न विचारताही कबुली देत असे.

"भिंतीची ओल लागू नाही म्हनून मालकानं सोडली," मिस्त्री म्हणाले.

"मालक कोन?"

मिस्त्रींनी पेन्सिलीनं माझ्याकडे दाखवलं. त्या शेडमध्ये मला तोवर असं कोणी म्हटलं नव्हतं. भासरे चपला घालून निघून गेले. पेट्या त्यांनी दुसरीकडे ठेवल्या.

मिस्त्री जाऊन आता कैक वर्षं झाली. मांडण्या उभ्या आहेत. फटीत मी फुटपट्टी ठेवते. कधीमधी फळीवर ठकठक करते आणि कान लावते. भासऱ्यांची पाठ वळल्यावर मिस्त्री हळूच म्हणाले होते ते ऐकू येतं:

"दोऱ्याचं तेवढं त्याइले सांगू नका, मालक. बाकी कोनाले भेऊ नका."