सोळाच्या जागी शंभर

मला धीर कधीच नव्हता. आई म्हणायची, या पोरीला उकळी फुटायच्या आत चहा गाळायचा असतो. नगरच्या एमआयडीसीत पंचवीस वर्षं सोल्डरिंग केलं, तिथंही सुपरवायझर ओरडायचा, "अहो बाई, सांधा थंड तर होऊ द्या!" अशा बाईकडे कोपरगावच्या दादाने आमच्या वडिलांचा, तात्यांचा, जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्तीला पाठवला, ही त्याची चूकच म्हणायची.

पण तो तरी काय करणार? काचबिंदूनं त्याची नजर गेली. डॉक्टरांनी हात टेकले. टीव्ही म्हणजे त्याला नुसती कटकट. फोनवर म्हणाला, "तात्यांचा रेडिओ तेवढा बोलता कर गं. मला दुसरं काय न्हाई पायजे." दादा कधी कुणाकडे काही मागत नाही. त्याने मागितलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना.

रेडिओ उघडला तर आतला मोठा कंडेन्सर फुगलेला, रस गळून वाळलेला. माळीवाड्यात एक म्हातारे रेडिओ मेकॅनिक आहेत. दुकान कधीच बंद झालं, पण घरात डबेच्या डबे माल. त्यांनी होता त्याच क्षमतेचा, सोळा एमएफडीचा कंडेन्सर पुढे केला. मी शंभरचा उचलला. म्हटलं, तात्यांच्या वेळेपासूनची घरघर पार जाईल. शिवाय आमच्याकडे युनिफॉर्म असो की चपला, सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. बरोब्बर मापाचं घेणं म्हणजे आईच्या लेखी उधळपट्टी.

"जेवढा होता तेवढाच टाका, बाई."

"मोठ्यानं काय बिघडतंय?" म्हणत मी जिना उतरलेसुद्धा.

बसवला, आणि लागला की हो रेडिओ! व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले आणि शेतीचा कार्यक्रम असा स्वच्छ ऐकू आला की मी एकटीनेच टाळ्या पिटल्या. लगेच दादाला फोन लावला. डोक्यावर पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता. मोबाईल रेडिओपाशी धरला.

दादा म्हणाला, "आवाज परका वाटतोय गं. त्योच रेडिओ हाय ना?"

माझं डोकंच फिरलं. चार दिवस कंबर मोडून बसले आणि हा म्हणतो परका! "थांब, नीट ऐक आता," म्हणत रेडिओ खटकन बंद केला आणि तसाच लगेच चालू केला. आत निळी ठिणगी उडाली, फट् झालं, जळका वास आला. रेडिओ मुका.

"काय झालं गं?"

"लाईट गेली," म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या. भाजी करपली, दूध उतू गेलं. ज्या एका गोष्टीची त्याला आस होती तीच मी जाळली, वर त्याच्याशी खोटं बोलले. स्वतःचीच लाज वाटत होती.

शेवटी नाक मुठीत धरून माळीवाड्यात गेले. म्हाताऱ्यांनी जळका व्हॉल्व्ह उजेडात धरला. "तापलेला असतानाच परत चालू केलात ना? एवढा मोठा कंडेन्सर रिकामा झाला की एका दमात वीज ओढतो. या म्हाताऱ्या व्हॉल्व्हला झेपतंय व्हय? वाढत्या अंगाचं घ्यायचंच असेल तर व्होल्टात घ्या, बाई. एमएफडीत नको."

त्यांनी सगळे डबे उपसले आणि तसाच एक व्हॉल्व्ह काढून दिला. "शेवटचा हाय," म्हणाले.

रविवारी दादा सुनेचा हात धरून एसटीने आला. या वेळी सोळाचाच कंडेन्सर होता. दादानं चाचपत बटण फिरवलं. आवाज आला, पण त्याच्याखाली बारीक घरघर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थोडी घरघर राहिली, दादा."

त्यानं कान जाळीला टेकवला. "ऱ्हाऊ दे. फोनवर हीच घरघर न्हवती. हा तात्यांचा."

आता मात्र मला राहवेना. "दादा, त्या दिवशी लाईट गेली नव्हती रे."

"ठाव हाय," तो म्हणाला. "रेडिओ बंद पडला तरी तुझा पंखा कुरकुरत हुता. बोललो असतो तर रागानं तू परत हात लावला नसता."