सत्तरीतला राजपुत्र

आमच्या मोठ्या मामांसारखा गाणारा नट भंडारा जिल्ह्यात पुन्हा होणार नाही, असं मी म्हणतो. मामा स्वतः मात्र जिल्ह्यापाशी थांबत नाहीत. दिघोरीला त्यांची धानाची शेती, पण ती केली मामींनी. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागला, की मामा राजपुत्र व्हायचे आणि उन्हाळा लागेपर्यंत राजपुत्रच राहायचे. बाजारात वांग्यांचा भावसुद्धा छातीशी हात नेऊन विचारायचे. कुठंही बोलले तरी मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं, असा आवाज. एका तेरवीला ते हळू आवाजात सांत्वन करायला गेले, तर शेजारच्या गल्लीतली माणसं काय झालं म्हणून बाहेर आली.

मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या एका दिग्दर्शकानं त्यांच्या जुन्या संगीत नाटकावर सिनेमा काढायचं ठरवलं. राजपुत्र एखादा तरुण करील, मामांनी महाराज व्हावं, असं त्यानं अदबीनं सुचवलं. मामांनी शांतपणे विचारलं, "महाराज गाते का? नाई गात. मंग मी महाराज कायले होऊ?" वर अट घातली, की नायिकाही जुनीच हवी. म्हणजे कोंढा गावच्या बाई. मामांसोबत साऱ्या हंगामांत राजकन्या त्यांनीच केली होती. आता गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नव्हत्या. चार दिवसांनी दिग्दर्शकानं कथाच बदलली: म्हातारे झालेले राजपुत्र-राजकन्या आपले दिवस आठवताहेत. "बुढा त बुढा," मामा म्हणाले, "पण नाव पयले माह्यं."

शूटिंगला औषधांची पिशवी घेऊन मी सोबत होतो. तलावाच्या पाळीवर मामांनी पहिली तान घेतली आणि साउंडवाल्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. कॅमेऱ्यात पाहू नका म्हटलं, तर मामा म्हणाले, "मंग पब्लिक कुठं बसली हाये?"

शेवटी द्वंद्वगीत आलं. बाईंना खुर्ची दिली होती. दिग्दर्शक म्हणाला, "आता एकमेकांकडे पाहून गा." रंगमंचावर दोघं जन्मभर लोकांकडे तोंड करून गायले होते. मामा वळले. बाईंची ओळ संपली, मामांची येईना.

"मामा, शब्द सांगू का?" मी विचारलं.

"शब्द हायेत. थांब जरासा." मग ते बाईंना म्हणाले, "तुमचे डोळे घारे हायेत, बाई?"

"पयलेपासूनच हायेत जी," बाई म्हणाल्या.

त्यानंतर मामा इतकं हळू गायले, की साउंडवाला हेडफोन कानांवर दाबून बसला.

सिनेमा दिघोरीत दाखवला, तेव्हा मामा-मामी पहिल्या रांगेत होते. नाटकांच्या दिवसांत धानाची मळणी चाले, त्यामुळे मामींनी त्यांचं गाणं लोकांत बसून कधी ऐकलंच नव्हतं. द्वंद्वगीत संपलं आणि मागून वन्स मोअर आला. मामा सवयीनं उठून उभे राहिले. पडद्यावरचा सिनेमा मात्र पुढं निघून गेला होता. ते थोडा वेळ तसेच उभे होते.

मामींनी त्यांच्या धोतराचा सोगा हलकेच ओढला. "बसा जी," त्या म्हणाल्या. "घरी गाणं म्हणजा. मी आयकीन."