थ्रू प्रॉपर चॅनेल

स्वर्गाचा कारभार कसा चालतो हे अख्ख्या दिल्लीत एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बरोबर आमच्या डोक्यावर राहत होता. वरचे काका मूळचे वसईचे, कॅथलिक, आणि उभा जन्म केंद्र सरकारात फायली हलवण्यात गेलेला. या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात अशा काही कालवल्या गेल्या होत्या की देव म्हणजे त्यांना मंत्री वाटे आणि संत म्हणजे सेक्शन ऑफिसर. "मंत्र्याच्या केबिनमध्ये कुणी थेट घुसतं का? थ्रू प्रॉपर चॅनेल जायचं," असं ते बजावत. डोळे संत लुसीकडे, दात संत अपोलोनियाकडे, घसा संत ब्लेझकडे. रोमन लोकांनी छळताना अपोलोनियाचे दात पाडले, म्हणून दातांचं खातं तिला. "बघ, सोसलं त्यावर पोस्टिंग! आपल्याकडे असं असतं तर मी आज सेक्रेटरी असतो."

लग्न होऊन मी साताऱ्याहून दिल्लीत आले, त्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या घशात माशाचा काटा अडकला. माझी आरडाओरड ऐकून काका बनियनवरच धावत खाली आले आणि दोन मेणबत्त्यांची फुली करून माझ्या गळ्याशी धरून उभे राहिले. वर म्हणाले, "ब्लेझसाहेबांकडे अर्ज गेलाय. तोवर तू भाताचा गोळा गीळ." काटा गेला. भातानंच गेला, अशी शंका आमच्या ह्यांनी काढली, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "बिल्कुल. भात म्हणजे त्यांचं सबऑर्डिनेट ऑफिस."

पण काकांचा खरा जीव संत लॉरेन्सवर. त्याला लोखंडी जाळीवर भाजत होते तेव्हा तो म्हणाला म्हणे, की ही बाजू झाली, आता पलटा. जूनच्या दुपारी वीज गेली की वरून काकांचा आवाज यायचा, "माझी एक बाजू झाली, आता पलटा!" आणि पाठोपाठ काकींचा, "थांबा, आधी मीठ तरी लावू दे!" मग दोघंही इतकी हसत की उकाड्यात आम्हालाही हसू येई.

मी दिल्लीत आल्यावर पाचव्या वर्षी काकी गेल्या. इथल्याच दफनभूमीत त्यांना ठेवलं. वर्षश्राद्धाच्या दिवशी पांढरी साडी नेसून, चेहरा पाडून मी वर गेले, तर काका इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे, हातात सुकेळ्यांची बशी. वसईची ती वाळवलेली केळी काकींच्या फार आवडीची. "ये ये, हिचा वाढदिवस आहे!" दुःखानं यांचं डोकं फिरलं, असंच मला वाटलं. काकांनी मला बसवून समजावलं. जुने ख्रिस्ती लोक हुतात्म्याच्या मरणाच्या दिवसाला त्याचा स्वर्गातला जन्मदिवस म्हणत, थडग्याशी जमून एकत्र जेवत. "पण काका, काकी कुठे हुतात्मा..." माझ्या तोंडून निघून गेलं. काका बशीकडे बघत म्हणाले, "दिल्लीचे तीस उन्हाळे काढले गं तिनं. तेही माझ्यासाठी."

रिटायर झालो की वसई, हे काका वर्षानुवर्षं घोकत आले होते. केळीची वाडी, विहीर, गावच्या सणाचा बँड, चर्चमधली मराठीतली मिसा, याखेरीज त्यांना दुसरं स्वप्न नव्हतं. आणि रिटायर झाल्यावर त्यांनी घर घेतलं ते गाझियाबादला. "तिकडे सगळं आहे, पण ही इथं आहे ना," म्हणाले. दर रविवारी मेट्रो बदलत बदलत दफनभूमीत यायचे. गेल्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली आणि धाकटा भाऊ त्यांना वसईला न्यायला आला.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला थडग्याशी बोलावलं आणि रीतसर चार्ज दिला. कागदावर यादी होती: खुरपं एक, झारी एक, मेणबत्त्यांचा पुडा एक. खाली माझी सही घेतली. मी म्हटलं, "काका, मी हिंदू. मला तुमच्या प्रार्थना येत नाहीत." "मराठी येतं ना? मग झालं. हिच्याशी इथं दुसरं कोण मराठी बोलणार?"

या जानेवारीत काकींच्या वाढदिवसाआधी वसईहून सुकेळ्यांचं पार्सल आलं. मी फोन केला. "सगळं आहे तसंच आहे गं," काका म्हणाले. "विहीर, वाडी, बँडसुद्धा. फक्त मीठ लावणारं कुणी नाही."

मी दफनभूमीत गेले. तण काढलं, मेणबत्ती लावली, तिथेच बसून एक सुकेळं खाल्लं. थेट देवाकडे जायची माझी हिंमत नव्हती, म्हणून अर्ज काकींकडेच दिला. म्हटलं, काकी, काकांना तिकडे करमू द्या. उठून फाटकापर्यंत गेले आणि परत आले. म्हटलं, काकी, अगदीच करमू देऊ नका. पुढच्या वाढदिवसाला एकदा येऊ दे त्यांना.