सुडाचं माप

आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या हॉस्पिटलातले आम्ही मराठी डॉक्टर अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट खेळतो. पाळीपाळीने एकेक नवा खेळाडू आपापल्या कागदी संघात घ्यायचा. मी हाडांचा डॉक्टर. गेल्या वर्षी एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन सुरेख झालेलं पाहून मी त्यालाच घेतलं. तो हंगामभर राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला.

माझ्या आधीची पाळी आमच्या भूलतज्ज्ञाची होती. तो माझ्या खेळाडूवरून रोज ऑपरेशन थिएटरमध्ये टोमणा मारी, "माझ्या भुलेशिवाय इतका गाढ कोणी झोपत नाही रे!"

त्याचाही खेळाडू बेताचाच निघाला होता. म्हणून मी सूड उगवायला नवं माप काढलं. प्रत्येक खेळाडूची तुलना त्याच्या लगेच नंतर निवडलेल्याशी करायची, म्हणजे कोणी काय हातचं घालवलं ते कळतं. सगळ्यांना ते पटवलं आणि रविवारी जेवणाआधी संगणकाने काढलेला तक्ता आधी न बघताच ऐटीत वाचायला उभा राहिलो. त्याच्या नावाशी माझी जीभ अडखळली. त्याच्यानंतरची निवड माझीच होती! माझ्या बाकावरच्या वीरापुढे त्याचा खेळाडू हिरा ठरला आणि तो पहिला आला.

"थँक्स हं, तुझ्याशिवाय जमलं नसतं," म्हणत त्याने माझ्या ताटातली पुरी उचलली.

यंदा मी भांडून त्याच्या आधीची पाळी घेतली आहे. माझा माणूस पुन्हा बाकावर बसला तरी चालेल, भूलतज्ज्ञाला त्याचा फायदा होता कामा नये.