ऐंशी बेअरिंगं

राखी पगारे मला पहिल्या भेटीत मुळीच आवडली नव्हती, हे आधीच कबूल करून टाकते. तिनं माझी चूक चारचौघांत दाखवली होती, आणि चूक दाखवणारं माणूस मला आजही गोड वाटत नाही.

माझी तृप्ती तेव्हा आठ वर्षांची. स्केटिंगला घातलं आणि मी स्केट घेतले ते दोन नंबर मोठे. आमच्या घरात फ्रॉकपासून चपलेपर्यंत सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. पुढे कापूस कोंबला की काम भागतं. वसाहतीमागच्या रिंकवर तृप्ती धडपडत होती, तेवढ्यात कठड्यावर बसलेली एक बाई उठून माझ्यापाशी आली.

"मॅडम, पोरगी बुटात पोहायला लागली. टाच उचलली की बूट मागं राहतो. घोटा मुरगळंल. बोटं पुढं टेकतील पण दबायची नाय, असा बूट घ्या."

मी शाळेत शास्त्र शिकवते; तिथं मला पल्लवी मॅडम म्हणतात. ही कोण मला शिकवणारी, म्हणून मी तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी तृप्तीचा घोटा सुजला आणि मी निमूटपणे मापाचे स्केट आणले.

राखी मूळची नांदगावकडची. लग्न होऊन नाशिकला आली आणि पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये सरकत्या पट्ट्यावर द्राक्षं निवडायला लागली. एक दिवस तिनं तिथल्या म्हाताऱ्या फिटरला, चिमाजीबाबांना सांगितलं, "बाबा, तिसरा रोलर कण्हतोय." बाबा हसले. दोन तासांनी तिसराच रोलर जाम झाला आणि अख्खा पट्टा बंद पडला. तेव्हा बाबांनी तिच्या हातात पाना दिला. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून आतलं छऱ्यांचं बेअरिंग कसं ऐकायचं, तेही शिकवलं. "बाईच्या हातात पाना?" म्हणून कुजबुजणारे पुष्कळ होते. आज तिथले सगळे रोलर राखीच्या ताब्यात आहेत आणि तिनं सुट्टी घेतली की सुपरवायझरचा जीव टांगणीला लागतो.

तिच्या मुलीचे, पायलचे, स्केट कुणाचे तरी वापरलेले होते. राखीनं ते जुन्या पेपरवर पार सुटे केले, धुतले, पुसले, जोडले. आतल्या कडेनं झिजलेली चाकं ती दर महिन्याला या पायाची त्या पायाला लावायची. सराव संपला की बुटाच्या नाड्या सोडून सावलीत वाळवायची आणि निघताना एकेक नट बोटानं चाचपायची. पायलला पहिली फेरी मारू द्यायच्या आधी तिनं दोन दिवस फक्त पडायला शिकवलं होतं. गुडघे वाकवायचे, पुढे गुडघ्यांच्या पॅडवर पडायचं, मागे कधीच नाही, आणि मुठी मिटायच्या, म्हणजे मागून येणाऱ्याचं चाक बोटांवरून जात नाही. हेल्मेटचा पट्टा सैल दिसला की ती कुणाच्याही पोराला थांबवायची.

तीन वर्षांत पायल आणि तृप्ती गटातल्या सगळ्यात वेगवान मुली झाल्या. यंदाच्या दसऱ्यानंतरच्या रविवारी निवड स्पर्धा होती. बारा वर्षांखालच्या गटातून एकच मुलगी राज्य स्पर्धेला जाणार होती. पायल गेल्या वर्षी दुसरी आली होती आणि पुढच्या वर्षी ती गटाबाहेर जाणार होती. म्हणजे तिच्यासाठी हीच एक संधी उरली होती.

खंडेनवमीला प्रशिक्षक आयुष सरांनी रिंकवर स्केटची पूजा ठेवली. सगळे स्केट ओळीनं मांडले. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, सगळं यथासांग. राखी पायलचे स्केट घरी ठेवून आली होती. ती हलकेच म्हणाली, "सर, बुटाला लावा ना कुंकू. चाकं काढून ठेवा. बारीक पूड आत गेली की बेअरिंग झिजतं."

तिच्याकडे ही पूजा होत नाही, दसऱ्याला ती मंडळी बुद्धाच्या त्रिरश्मी लेण्यांवर जातात, हे मला माहीत होतं. आणि मी, शास्त्र शिकवणारी बाई, फटकन बोलून गेले, "तुम्हाला पूजेतलं काय कळणार?"

हे वाक्य आठवलं की आजही लाज वाटते. राखी मला एवढंच म्हणाली, "पूजेला माझी ना नाय, मॅडम. चाकांची काळजी हाय." मग सरांनी नारळ फोडला. पाणी थेट चाकांवर उडालं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. वर कोणी तरी सुचवलं म्हणून घरोघर चाकांत खोबरेल तेलही घातलं.

मधले दिवस रिंक बंद होती. रविवारी सकाळी तृप्ती सरावाला उतरली आणि दोन ढांगांत थांबली. मी चाक फिरवलं. अर्धी गिरकी घेऊन ते करकरत थांबलं. आत लाल चिखल झाला होता. अंतिम फेरीतल्या सहाही मुली आमच्याच रिंकवरच्या, त्यांपैकी पाच जणींची हीच गत. एकट्या पायलची चाकं भिंगरीसारखी फिरत होती.

शर्यतीला सव्वा तास होता. आयुष सर घाम पुसत होते. मला राखीकडे बघायची हिंमत होईना. तिनं नुसतं गप्प राहायचं होतं; पोरगी चालत गेली असती तरी पहिली आली असती. पायललाही ते कळलं होतं. ती आईच्या ओढणीला धरून म्हणाली, "मम्मी, आपण तर सांगितलं होतं ना त्यांना?"

राखीनं तृप्तीचं चाक बोटानं फिरवून बघितलं. मग म्हणाली, "सांगितलं होतं. पण तुला तृप्तीला हरवायचं हाय, का चिखलाला?"

पायलनं तोंड वाकडं केलं, आणि पिशवीतून पाना काढून आईच्या हातात दिला.

पुढचा तास मी जन्मात विसरणार नाही. स्केटच्या एका जोडीत आठ चाकं, एका चाकात दोन बेअरिंगं. पाच जोड्यांची ऐंशी बेअरिंगं! राखीनं कडुलिंबाखाली चादर अंथरली, स्टीलच्या डब्यात पेट्रोल ओतायला लावलं आणि त्याआधी ओरडली, "सर, ती टेबलावरची उदबत्ती विझवा!" वकील, डॉक्टर, मी, सगळ्या पालकांना तिनं ओळीनं बसवलं. एकानं नट सोडायचे, एकीनं बेअरिंगं डब्यात खळखळायची, एकीनं फडक्यावर वाळवायची. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब मात्र तिनं स्वतः टाकला, एकेकच. चाक बसलं की ती कानाशी धरून फिरवायची. तीन चाकं तिनं नापास केली आणि ती आम्ही मुकाट्यानं पुन्हा उघडली. माझी बोटं काळी झाली होती आणि मी तिला "राखीताई" म्हणायला लागले होते, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

शिट्टी झाली. सहा जणी सुटल्या. दुसऱ्या फेरीला तृप्ती पुढे, पायल तिच्या खांद्याशी. सगळे ओरडत होते आणि राखीताई डोळे मिटून उभ्या होत्या.

"अहो, बघा ना!" मी त्यांना हलवलं.

"थांबा, ऐकू द्या," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची चाकं साफ बोलतायत. एक पण कण्हत नाय."

शेवटच्या वळणावर पायल खाली वाकली, आतून शिरली आणि वीतभर अंतरानं पुढे निघाली. "पायल! पळ, पायल!" असं रिंकभर ऐकू जाईल इतक्या जोरात कोण ओरडतंय म्हणून मी वळून बघितलं, तर ती मीच होते. स्वतःची पोरगी दुसरी येत असताना!

तृप्ती हेल्मेट काढत आली. डोळे भरलेले, पण मान ताठ. "आई, माझी चाकं एकदम झकास पळाली गं. तीच जास्त जोरात पळाली." मग ती जाऊन पायलच्या गळ्यात पडली.

राखीताईंनी आता डोळे उघडले होते आणि ते वाहत होते. मी काळ्या हातांनी त्यांचे काळे हात धरले. पूजेच्या दिवशी बोलले त्याची माफी मागितली.

"जाऊ द्या, पल्लवीताई," त्या रडत रडत हसल्या. "पोरगी जिंकली माझी. आता कुणी म्हणायचं नाय, बाकीच्यांची चाकं जाम होती म्हणून!"